गाडी ‘मिसिंग’ मारते तेव्हा

"आताच्या गाड्यांमध्ये घरी करण्यासारखं काही राहिलंच नाही. सगळं कॉम्प्युटरवर चालतं."

हे वाक्य मी ऑफिसच्या कँटीनपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत इतक्या वेळा ऐकलंय की कुणी सुरुवात केली की शेवटचे दोन शब्द मीच म्हणून टाकतो. गंमत अशी की हे म्हणणारे निम्मे लोक दिवसभर कॉम्प्युटरचीच दुखणी निस्तरत असतात. म्हणजे आपणच! तीनशे ओळींचा स्टॅक ट्रेस बघून ज्याची पापणी हलत नाही, तो माणूस बॉनेट उघडायला मात्र घाबरतो.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जुन्या गाडीत पार्ट बदलणं सोपं होतं, दोष शोधणं अवघड होतं. आजच्या गाडीत दोष शोधणं कधी नव्हे इतकं सोपं झालंय. अवघड झालंय ते दोष शोधणारा माणूस मिळणं. आणि हे सिद्ध करायला मी सगळ्यात छळवादी दोष निवडतो: अधूनमधून येणारं मिसिंग.

ज्यांनी हा शब्द ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या. आयडलला ते मिनिटाला साधारण ८०० फेरे मारतं. फोर स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात. म्हणजे मिनिटाला १,६००, सेकंदाला जवळजवळ २७ छोटे स्फोट. त्यातला एखादा झालाच नाही की गाडीला उचकी लागते, स्टिअरिंग थरथरतं, पिकअप बसतो. यालाच गॅरेजवाले म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारतेय’. पेटायला चारच गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब, आणि त्या योग्य क्षणी एकत्र यायला लागतात. कारणांची यादी एवढीच आहे. पण दोष ‘अधूनमधून’ येणारा असला की याच यादीत माणूस महिनाभर गोल गोल फिरतो. आपल्या धंद्यात ज्याला हायझेनबग म्हणतात ना, तो हाच. बघायला गेलं की गायब.

आता जुन्या दिवसांची थोडी आठवण काढू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. वरळी नाक्यावर शाळेची बस पकडायचो तेव्हा समोर काळ्या-पिवळ्या पद्मिनींची रांग असायची. प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, त्यात पॉइंट आणि कंडेन्सर. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल गेली की मिसिंग सुरू. मग ड्रायव्हर उतरणार, बॉनेट वर करणार, कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसणार, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवणार, आणि पाच मिनिटांत गाडी पुन्हा रांगेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली. तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि त्यात ‘तेव्हाच्या गाड्या कशा साध्या, कुणीही दुरुस्त करायचं’ हे हमखास होतं.

होत्या साध्या, कबूल. पण एक गोष्ट बघा. तो कंडेन्सर गरम झाला की दगा द्यायचा आणि थंड झाला की शहाण्यासारखा वागायचा. तो खराब आहे हे ओळखायचं कसं? नवा लावून बघायचं. मिसिंग गेलं तर तोच होता, नाही गेलं तर पुढचा पार्ट. म्हणजे त्या काळी पार्ट बदलणं हीच तपासणी होती, आणि ती परवडायची, कारण कंडेन्सर अगदी स्वस्तात मिळायचा.

सवय तीच राहिली, किमती मात्र बदलल्या. आज प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते. एक कॉइल हजार-दोन हजारांची, इंजेक्टर त्याहून महाग, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत प्रकरण गेलं तर आकडा ऐकून खुर्ची धरावी लागते. तरी पद्धत तीच: "साहेब, आधी हे बदलून बघू."

हे ‘बदलून बघू’ आमच्याही घरी आलं. बाबांची दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक गेल्या पावसाळ्यात उचक्या देऊ लागली. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. दिवा पेटायचा, दोन दिवसांनी आपोआप विझायचा. बाबा एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. त्यांनी सकाळी थंड गाडी मोकळ्या रस्त्यावर फिरवली आणि सांगितलं, गाडी ठणठणीत आहे. (‘वर्क्स ऑन माय मशीन’ दुसरं काय असतं हो?) दुसऱ्यांदा नेली तेव्हा हातात एस्टिमेट दिलं: चार कॉइल, चार प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी, फ्युएल पंप. एकूण एकतीस हजार. आणि खाली एक ओळ, ‘त्यानेही गेलं नाही तर ईसीएम बघावा लागेल’. बाबांनी घरी येऊन कागद माझ्यासमोर ठेवला. "अरे, एकतीस हजार घालवून गाडी तशीच राहिली तर?"

प्रश्न बरोबर होता. त्या कागदावर पाच पार्टांची नावं होती, पण एकाही पार्टसमोर ‘का’ लिहिलेलं नव्हतं.

माझा सगळा राग त्या एका गाळलेल्या ‘का’वर आहे. आणि तो ‘का’ गाडीने स्वतःच लिहून ठेवलेला असतो! भारतात बीएस-४ गाड्यांना २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. अमेरिकेत तर १९९६ च्या मॉडेलपासूनच आहे. स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डमध्ये १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथचा अडॅप्टर पाचशे-हजारात लॅमिंग्टन रोडवर मिळतो, ऑनलाइनही मिळतो. फोनवर एक ॲप टाकायचं आणि झालं.

आता हा कॉम्प्युटर मिसिंग ओळखतो कसं, हे मला फार आवडतं. क्रँकशाफ्टवर दातांचं चाक असतं, त्याच्यासमोर सेन्सर. प्रत्येक स्फोटानंतर क्रँकला धक्का मिळून तो किंचित वेग घेतो. एखादा स्फोट चुकला की तेवढ्यापुरता तो मंदावतो. दोन दातांमधला वेळ मोजून ईसीएमला कळतं की कोणाची पाळी चुकली. मग कोड पडतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, तसंच चारपर्यंत. पी०३०० म्हणजे कोणताही एक नव्हे, इकडेतिकडे. पद्मिनीच्या ड्रायव्हरला हे कुणी सांगितलं असतं तर त्याने आरतीच केली असती!

आणि कोडपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, वेग किती, लोड किती, हे सगळं जतन केलेलं असतं. क्रॅशच्या क्षणाचा कोअर डंपच म्हणा ना. आमच्या गाडीत पी०३०२ होता. फ्रीझ फ्रेममध्ये तापमान ९६ अंश, वेग १४, आरपीएम १,६५०, लोड ७८ टक्के. म्हणजे इंजिन तापलेलं, गाडी रांगत चाललेली आणि ताण भरपूर.

एवढ्यावरून काय काय बाद झालं बघा. अलीकडे गाडीला शिंक आली तरी लोक इथेनॉलच्या पेट्रोलवर बिल फाडतात. पण पेट्रोल चारही सिलिंडरांना एकाच टाकीतून जातं. दोष पेट्रोलचा किंवा पंपाचा असता तर एकट्या दुसऱ्यानेच का रडावं? म्हणजे एस्टिमेटमधला फ्युएल पंप पहिल्याच फटक्यात संशयितांच्या यादीतून खाली गेला. थ्रॉटल बॉडीही तशीच, तीही सगळ्यांची सामाईक. शिवाय हवेची गळती असती तर तिचा त्रास साधारणपणे आयडलला जास्त होतो, रेस वाढवली की कमी होतो. इथे उलटं होतं. आणि ताण वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेव्हा ताणावर येणारं मिसिंग म्हटलं की पहिला संशय ठिणगीवर घ्यायचा.

पुढची पायरी, जी आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही: बग रिप्रोड्यूस करा. बाबांना विचारलं, नेमकं कुठे होतं? ते म्हणाले, "काही नेम नाही." असं म्हणणाऱ्या युजरला आपण काय करतो? नोंद ठेवायला सांगतो. त्यांनी डायरीत दोन आठवडे लिहिलं आणि नेम सापडला. वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हला गेलं की गाडी मख्खन. हाजी अलीवरून पेडर रोडचा चढ धरला, ट्रॅफिक तुंबलेलं असलं आणि एसी चालू असला, की हमखास उचकी. एका रस्त्याला एकसारखा वेग आणि भरपूर वारा, दुसऱ्याला चढ, उष्णता आणि ताण. फ्रीझ फ्रेम जे सांगत होती तेच डायरीही सांगत होती.

मग शनिवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, चावी काढून दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल केली. दहा नंबरचा पाना, कनेक्टरचा लॉक दाबून काढायचा, बोल्ट खोलायचा, कॉइल सरळ वर ओढायची. वीस मिनिटांचं काम. यात नवा पार्ट नाही, खर्च शून्य. तर्क एवढाच: दोष कॉइलमध्ये असेल तर तो कॉइलबरोबर चौथ्याकडे जाईल. दुसऱ्याकडेच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन नाही. दोन बदलल्या आणि गाडी बरी झाली तर कशाने झाली हे कधीच कळत नाही. (रिलीजच्या आदल्या रात्री सात फिक्स एकदम ढकलणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

प्लग काढून बघणंही आलंच. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी फटीत न उडता बाहेरून पळतेय असं समजायचं. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर असेल तर तो गंज. वरळीत समुद्राच्या वाऱ्यावर उघड्यात गाडी लावणाऱ्यांनी हे आधी बघावं. खारी हवा पत्र्याआधी पिना खाते.

पुढच्या बुधवारी पेडर रोडला कोड पडला: पी०३०४. दोष कॉइलबरोबर चालत चौथ्या घरी गेला होता. एक नवी कॉइल घेतली, दोन हजारांच्या आत. त्यानंतर मुद्दाम महिनाभर पेडर रोडनेच गेलो. बाबांच्या डायरीत नवी नोंद नाही. बाकीच्या तीन कॉइली अजून तिथेच आहेत आणि नीट काम करताहेत.

हा किस्सा माझी हुशारी दाखवायला सांगत नाहीये. यातली एकही गोष्ट सर्व्हिस सेंटरला येत नाही असं नाही. त्यांच्याकडचं स्कॅनर माझ्या पाचशेच्या डबीपेक्षा कितीतरी ताकदवान असतं. मग ते का करत नाहीत? कारण एस्टिमेटच्या कागदावर पार्टला रकाना आहे, लेबरला आहे, ‘विचार केला’ याला रकानाच नाही. दोन आठवडे नोंद ठेवून एक कॉइल बदलणाऱ्याला मिळणार काय? आणि पाच पार्ट एका दुपारी बदलणाऱ्याला? मेकॅनिकला दोष देऊन उपयोग नाही. आपण ज्याचे पैसे देतो तेच तो विकतो. डॉक्टरला आपण तपासणीची फी देतो, गोळी न देता परत पाठवलं तरी देतो. मेकॅनिकने अर्धा तास ऐकून ‘काही बदलू नका, आधी पेट्रोलचा खर्च आणि उचक्या लिहून ठेवा’ असं सांगितलं, तर आपण म्हणतो, "काही केलंच नाही, पैसे कसले?" या ‘कसले’मुळेच ते एकतीस हजार तयार होतात.

आणि आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या चाचांचं काय? वर्णन ऐकून ते एका वाक्यात म्हणाले होते, "गरम होके कॉइल मरता है, शेठ." आवाजावरून, अनुभवावरून. पण त्यांच्याकडे त्या कंपनीचं सॉफ्टवेअर नाही, मॅन्युअल नाही. खरं कुलूप लागलंय ते इंजिनाला नाही, माहितीला. हे नुसतं माझं मत नाही. २०११ साली एका ग्राहकाने कॉम्पिटिशन कमिशनकडे तक्रार केली की गाड्यांचे सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळतच नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ ला कमिशनने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला आणि भाग, मॅन्युअल आणि तपासणीची साधनं खुली करायला सांगितलं. बाहेरच्या गॅरेजात गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही बजावलं. पुढे अपिलं झाली, प्रकरण लांबलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच यासाठी कायदा केला होता. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण आपण गिऱ्हाइकांनी ती माहिती मागितलीच नाही, तर पोर्टल नुसतं पोर्टल राहील.

आता आक्षेप. पहिला, "शनिवार वाया घालवण्यापेक्षा पैसे दिलेले परवडतात." जरूर द्या. पण तपासणीचे द्या, अंदाजाचे नको. दुसरा, "घरी उद्योग करणं धोक्याचं असतं." काही उद्योग नक्कीच असतात, आणि ते मीही करत नाही. कॉइलमधून हजारो व्होल्ट निघतात, त्यामुळे चालू इंजिनावर कॉइल किंवा प्लगची वायर ओढून ‘करंट येतो का’ बघायचं नाही. जुने लोक बघायचे, पण आता त्यात तुम्हाला झटका बसतोच आणि ईसीएमही जाऊ शकतो. पेट्रोलच्या प्रेशरच्या लाइनला हात लावायचा नाही. गरम इंजिनातून प्लग काढायचा नाही, हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर खर्च मोठा. आणि चेक इंजिनचा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर तपास वगैरे बाजूला ठेवा, गाडी हळू करून थांबवा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो.

तिसरा आक्षेप आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा: "पार्किंगमध्ये गॅरेज नको." त्यांचं बरोबर आहे, ऑइल सांडून ठेवणाऱ्यांना मीही आधी ओरडीन. पण मुंबईत आपल्याला अंगण नाही, आहे ती पार्किंगची एक चौकट. दहा नंबरचा एक पाना आणि खाली अंथरलेला पेपर एवढ्याला परवानगी असावी. काका दुसऱ्या शनिवारी स्वतः बघायला आले आणि आपल्या गाडीचे कोडही वाचून घेऊन गेले, तेव्हा तूर्तास ठराव स्थगित आहे. :)

तात्पर्य काय, तर सगळ्यांनी हात काळे करावेत असा माझा आग्रह नाही. कोड वाचायला हात काळे होतही नाहीत. पुढच्या वेळी एस्टिमेट हातात आलं की एवढंच विचारा: कोड कोणता होता? फ्रीझ फ्रेममध्ये काय होतं? हा पार्ट खराब आहे हे कशावरून? उत्तर मिळालं तर बिनधास्त पैसे द्या, आणि तपासणीचे वेगळे मागितले तर खुशीने द्या. उत्तर ‘बदलून बघू’ असं आलं तर चावी परत मागा. गल्लीतल्या चाचांनाही एक डबी भेट द्यायला हरकत नाही. त्यांचा कान आणि गाडीची स्वतःची नोंद एकत्र आली तर आपल्या एरियात यापेक्षा चांगलं सर्व्हिस सेंटर सापडणार नाही.

असो. आज शनिवार आहे. खाली जाऊन स्टिअरिंगच्या खाली ते १६ पिनांचं सॉकेट कुठे आहे तेवढं तरी बघून या.